‘सरांची टीप’ या रकान्याबद्दल

मॅडम, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही.

सगळ्यांना वाटलं, दत्ता गहिवरला. विभागप्रमुखांनी पाठीवर हात ठेवला, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "राहू दे, समजू शकतो मी." कप्पाळ समजणार! गहिवरलो होतो हे खरंच, पण गप्प बसलो तो भीतीनं. माझ्या आधी तिघं बोलून गेले होते. तुम्ही किती वर्षं भाषाविज्ञान शिकवलंत, किती मुलं तुमच्या हाताखालून गेली, हे सगळं सांगून झालं. मग आपली श्रीलता उठली. तुम्हाला माहीतच आहे ती, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांची, घरात तेलुगू बोलणारी. ती म्हणाली, "मॅडम गेल्या, पण त्यांचं काम दत्ता सर पुढं नेतायत. सरांच्या टिपा नसत्या तर मी या विषयात नापासच झाले असते." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी खाली बघितलं. लोकांना ती नम्रता वाटली.

त्या टिपा कुणी लिहिल्या होत्या हे त्या दालनात एकट्या मला ठाऊक होतं. दुसऱ्या तुम्ही, आणि तुम्हाला तर चार दिवसांपूर्वीच आम्ही माती देऊन आलो होतो. तेव्हा जे तिथं बोललो नाही ते आता सांगतो. जरा लांबण लागेल, पण ऐका.

एम. ए.ला आलो तेव्हा मी काय होतो ते आठवतं ना? माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरचा पोरगा. वडील साखर कारखान्यावर काट्याला, म्हणजे जिथं उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं. पहिल्या तासाला ओळख करून द्यायला उभा राहिलो, "मी श्रीपूरचा हाय" म्हणालो आणि वर्ग खदखदून हसला. तुम्ही हसला नाहीत, पण हसणाऱ्यांना रागावलातही नाहीत. मला त्यांच्यापेक्षा तुमचाच राग जास्त आला. बाईमाणूस आहे, सोलापूरची आहे, घरात उर्दू बोलते, हिला काय पडलंय आमच्या बोलण्याचं, असं मनात म्हणून मी त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडायचं नाही असं ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला थांबवून घेतलंत. "दत्ता, आता घरी जाल तेव्हा आईला बोलतं करा. कारखान्यावर उसाची गाडी खाली कशी होते ते विचारा. त्या जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून आणा. एक अक्षरही सुधारायचं नाही."

मी गेलो, विचारलं, लिहिलं आणि अथपासून इतिपर्यंत सुधारून आणलं. आईच्या तोंडी ‘आहे’ घातलं, ‘तिथे’ घातलं. ‘त्यानंतर’सुद्धा घातलं. माझ्या आईनं जन्मात ‘त्यानंतर’ म्हटलेलं नाही. तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. "आई असं म्हणाल्या?"

"हो मॅडम."

"बरं," म्हणालात आणि कागद परत दिलात. झापलं असतं तर परवडलं असतं. त्या ‘बरं’नं मला आठ दिवस जेवण गोड लागलं नाही, शेवटी एस. टी. पकडून परत गावी गेलो. आई म्हणाली, "पुन्यांदा कशाला? मागल्या टायमाला सगळं सांगितलं की." मी म्हणालो, सांग परत. मग मिळालं ते पान. "गाडी आली की आदी काट्यावर चढिवत्यात. बैलं लई दमल्याली असत्यात, पर गाडीवान खाली उतरत न्हाय, नंबर जाईल म्हून." तुम्ही ते उभ्यानंच वाचलंत, दोनदा वाचलंत, आणि पुढच्या वर्षीपासून ‘भाषाविज्ञान परिचय’च्या वाचनसंचात ते पहिलं पान झालं. थोरामोठ्यांच्या व्याख्या दुसऱ्या पानापासून. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माजं बोलणं शिकिवत्यात कालिजात? येडी हाय का काय ती बाई?" पण त्या दिवशी शेजारणीला चहाला बोलावून तिनं तीच गोष्ट तीन वेळा सांगितली. मॅडम, माझ्या आईचा असा मान कुणीच केला नव्हता, मी तर नव्हेच.

तुमचा तो वाचनसंच! बाकीच्या महाविद्यालयांत संदर्भग्रंथांची यादी असते, दीड पानांची. ती मुलं वाचत नाहीत आणि बहुतेक वेळा शिकवणारेही वाचत नाहीत. तुमच्या संचात काय घ्यायचं ते नव्या पेठेत ठरायचं. हे मी कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना तुम्ही सलीमभाईंच्या कापडदुकानात जायचात, गादीच्या कडेला बसायचात आणि नव्या उताऱ्याचं पहिलं पान भावाला वाचून दाखवायचात. सलीमभाई नववी पास. त्यांनी ऐकता ऐकता "फिर?" असं विचारलं की उतारा संचात आला. त्यांचे हात ओढण्यांच्या घड्या घालायला लागले की गेला.

मी शिकवायला लागल्यावर मोठ्या उमेदीनं एका इंग्रजी प्रकरणाचा अनुवाद करून तुम्हाला दिला होता. अकरा पानं. तुम्ही मलाच दुकानात घेऊन गेलात. अर्धं पान होतंय न होतंय तोच सलीमभाईंनी एक ओढणी उचलली. मी वाचतच राहिलो. त्यांनी दुसरी उचलली. तिसऱ्या ओढणीला तुम्ही म्हणालात, "चला, चहा घेऊ." रस्त्यावर आल्या आल्या माझा तोल गेला. रिक्षा अंगावरून चालल्यात, लोक बघतायत, आणि मी भर बाजारात तुमच्यावर ओरडतोय, "आता अभ्यासक्रम कापडवाल्यांनी ठरवायचा का?" तुम्ही शांतपणे पदर सावरलात. "त्याला समजलंच पाहिजे असं कुठाय? पुढं काय, एवढं त्याला वाटलं पाहिजे. समजावायला आपण आहोत की." मी चहा न घेताच निघून गेलो होतो. माफी वगैरे मागितली नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी डब्यातून शेंगाचटणी आणलीत आणि विषय संपला.

मग आलं माझं ते पान. मुलांच्या हातात फोन आले होते, जगभरची व्याख्यानं फुकट मिळत होती, आणि आपण अजून झेरॉक्सचे गठ्ठे वाटत होतो. मला ते बघवत नव्हतं. दोन महिने बसून मी विभागाच्या संकेतस्थळावर पान तयार केलं. उच्चारांचे तक्ते, ज्यावर बोट ठेवलं की आवाज येतो. भाषांचे नकाशे. परदेशी प्राध्यापकांची व्याख्यानं, लेख, सगळ्या मिळून नव्वद लिंका. चार रकाने केले होते: साहित्याचं नाव, लिंक, लागणारा वेळ आणि शेवटचा ‘सरांची टीप’. त्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मी ‘लवकरच’ असं लिहून ठेवलं होतं.

तुमचं माझं तेव्हा जे वाजलं ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. तुम्ही म्हणत होतात, एवढं सगळं इंग्रजीतलं पोरांच्या अंगावर टाकलंत तर ती घाबरून पळतील. अक्कलकोटची पोरं घरात कानडी बोलतात, पूर्व भागातली तेलुगू, आमची दखनी उर्दू, तुमची माळशिरसची मराठी. आधी त्यांना त्यांच्या घरातलं बोलणं ऐकायला शिकवू द्या. मी म्हणत होतो, घरातलं घरातलं करत पोरं घरातच राहतील. नेट-सेटला बसतील तेव्हा त्यांना कोण विचारणार आहे आईचं पान? हे वाक्य मी बोललो. माझ्याच आईच्या पानाबद्दल. तुमचा चेहरा पडला होता.

आणि मग तुम्ही माझ्या फोनवर ते पान वरपासून खालपर्यंत सरकवत विचारलंत, "हे सगळं तुम्ही बघितलंय?"

"हो तर," मी म्हणालो.

नव्हतं बघितलं, मॅडम. नव्वदातली आठ बघितली होती. बाकीची कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या पानावरून उचलली होती. शीर्षक बघायचं, चित्र बघायचं, चिकटवायचं. त्यांनीसुद्धा कदाचित दुसऱ्याची उचलली असतील. तुम्ही माझ्याकडं एक क्षण बघितलंत, "बरं" म्हणालात आणि तासाला निघून गेलात. ओळखलंच होतंत तुम्ही. श्रीपूरच्या कागदावर जे एका ओळीत ओळखलंत ते नव्वद ओळींत ओळखणार नाही होय?

त्याच वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि पुढच्या सहा महिन्यांत किडनीनं दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी भेटायला आलो तेव्हा हातावरची ती फुगलेली शीर बघत बसलो, तर तुम्हीच म्हणालात, "चार चार तास नुसतं पडून राहायचं हो. तुमच्या त्या पानाची चावी देता का? कुठं शुद्धलेखन चुकलंय ते तरी बघते." मी पासवर्ड दिला. म्हटलं, विरंगुळा होईल बाईंना.

महिन्याभरात वर्गातली पोरं मला अडवायला लागली. "सर, टिपा लई भारी लिहिता हो तुम्ही!" मी घरी जाऊन पान उघडलं. पहिल्या चौदा ओळींतलं ‘लवकरच’ गेलं होतं.

पहिली टीप मला पाठ आहे. ‘चौदा मिनिटं. पहिली तीन मिनिटं हे गृहस्थ स्वतःबद्दलच बोलतात, ती सोडा. सहाव्या मिनिटाला थांबवा, गळ्यावर हात ठेवा आणि आधी स्स्स आणि मग झ्झ्झ असा आवाज लांबवून काढा. दुसऱ्याला गळा थरथरतो. एवढं कळलं की आजचा अभ्यास झाला, उरलेलं उद्या.’ दुसरीत होतं, ‘हा नकाशा फोनचा डेटा फार खातो. कॉलेजच्या वायफायवर जेवणाच्या सुट्टीत उघडा. त्यात सोलापूर शोधा. नकाशानं आपल्याला एकाच रंगात रंगवलंय. तुमच्या गल्लीत किती रंग हवेत ते मोजून आणा.’ आणखी एकीत, ‘या लेखात म्हटलंय की भाषा मरतात. मला हे पटत नाही. घरातली माणसं लाजायला लागली की भाषा गप्प बसते. तुम्हाला काय वाटतं ते अर्ध्या पानात लिहा, माझ्याविरुद्ध लिहिलं तर जास्त बरं.’

वाचता वाचता माझी कानशिलं तापायला लागली. कारण त्या नुसत्या तुमच्या टिपा नव्हत्या. रकान्याचं नाव ‘सरांची टीप’ होतं, म्हणून तुम्ही त्या मी होऊन लिहिल्या होत्या. मधेच ‘आमच्या श्रीपूरला’ होतं. ‘माझी आई असं म्हणते’ होतं. माझ्या बोलण्यातला तो तिरकसपणाही होता, फक्त त्यातला कडवटपणा तुम्ही काढून टाकला होता.

मी लगेच तुम्हाला फोन लावला. आता सांगायचं, असं ठरवून लावला. तुम्ही विचारलंत, "आईचे गुडघे कसे आहेत?" मी गुडघ्यांवर बोललो. मग पाण्यावर बोललो, सोलापुरात चार दिवसांआड नळ येतो यावर दोघं मिळून करवादलो. वीस मिनिटं झाली. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, ते पान..." तुम्ही म्हणालात, "छान झालंय हो पान. मी उगाच भांडले." आणि तुमची औषधाची वेळ झाली. मी फोन ठेवला, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. दीड वर्ष मी त्या टिपांवर कौतुक खाल्लं. कुणी म्हणालं, सर, किती कष्ट घेता, तर मी म्हणायचो, छे हो, करायला लागतं. हे वाक्य आज लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

सलीमभाई दहाव्या दिवशी घरी आले, त्यांच्या हातात एक दोनशे पानी वही होती. "सर, ये आपा तुमकू देने बोली थी." मग चहा पिताना त्यांनी सांगितलं की तुम्ही डायलिसिसच्या खाटेवर कानात इअरफोन घालून बसायचात, आणि उच्चारांचा तक्ता आला त्या दिवशी एकामागून एक आवाज तोंडानं काढून बघत होतात, तर शेजारच्या खाटेवरचे आजोबा घाबरून सिस्टरला हाका मारायला लागले, बाईंना काहीतरी होतंय म्हणून! सलीमभाई हसता हसता रडायला लागले. "मैं बोला, आपा, आराम कर, काय कू करती? तो बोली, सर का काम है, मैं खाली देखरी." म्हणे, नुसतं बघतेय. वही कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सरांची असेल, म्हणाले.

वही मी विभागात नेऊन वाचली, दार लावून घेऊन, सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक लिंकेला एक पान. काय बघितलं, कुठं कंटाळा आला, कुठं थांबून परत बघितलं. एकेका टिपेचे तीन तीन खर्डे. एक अख्खी टीप खोडलेली आणि बाजूला लिहिलेलं, ‘हे दत्ताचं वाटत नाही. फार गोडगोड झालं.’ दुसऱ्या एका पानावर, ‘इथं दत्ता चिडेल. चिडू दे.’ मी मोठ्यानं हसलो, मॅडम. रिकाम्या विभागात एकटा.

मग एक्केचाळिसावं पान आलं. ते एका परदेशी बाईंचं तासभराचं इंग्रजी व्याख्यान आहे. ज्या गोष्टीवरून आपण एवढे भांडलो ना, तीच ही. तिथं तुमची टीप अशी होती: ‘इंग्रजी भरभर आहे, म्हणून सोडू नका. रोज दहा मिनिटं ऐका. पहिल्या दिवशी चार शब्द कळतील, सहाव्या दिवशी वाक्यं कळायला लागतील. उद्या तुम्ही कुठल्याही दारात उभे राहिलात तर कुणी तुम्हाला भाषेवरून अडवू नये, एवढ्यासाठी.’ खाली पेन्सिलीनं, स्वतःसाठी: ‘माझं मत वेगळं आहे. पण ही त्याची यादी आहे.’

माझं मत तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. त्या वादात मी अजून हटलेलो नाही, पोरांना इंग्रजी आलंच पाहिजे असंच म्हणतो. पण समोरच्याचं म्हणणं इतक्या प्रामाणिकपणे, त्याच्या बाजूनं, त्याच्या नावानं लिहायचं, आणि तेही हाताला सुई असताना! मी इतकी वर्षं शिकवतोय, मला असा माणूस दुसरा भेटलेला नाही. तुमच्या विद्वत्तेचं कौतुक शोकसभेत झालं. ते ठीकच आहे. मला कौतुक वाटतं ते याचं, की पोरांच्या हातात जाणारी एकही गोष्ट तुम्ही न बघता जाऊ दिली नाहीत, आणि ती माझी होती तरी नाही.

एकाहत्तर पानं भरलेली होती. पुढची एकोणीस कोरी, वर नुसते आकडे घातलेले.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसूनच राहिलो असतो, असं मला वाटतं. पण प्रमुखांनी बोलावून सांगितलं की विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आपलं पान पसंत पडलंय. सगळ्या महाविद्यालयांना तेच लागणार. वर छापायचं होतं ‘संकलन आणि टिपा’, आणि पुढं माझं नाव. सोमवारी बैठक. "राहिलेल्या एकोणीस टिपा तेवढ्या भरून टाका," ते म्हणाले, "तुम्हाला काय, हातचा मळ!" माझी पुढच्या वेतनश्रेणीची मुलाखत याच वर्षी आहे. त्यांनी डोळा मिचकावला.

चार दिवस मी स्वतःशी भांडलो. मॅडमनाच हवं होतं ना असं, त्यांनीच माझ्या नावानं लिहिलं ना, कधी एका शब्दानं तक्रार केली का, आता उकरून काय मिळणार, असं सगळं मनाशी बोलून झालं. वकिली मला बरी जमते. सोमवारी बैठकीला गेलो तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. पण बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी सुरुवातीलाच म्हटलं, "या टिपा लिहिणाऱ्यानं प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्याच्या शेजारी बसून बघितलीय, असं वाटतं." तेव्हा मात्र मला राहवेना.

मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. टिपा जुबेदा मॅडमच्या आहेत. त्यांनी त्या आजारपणात लिहिल्या. मी यादी केली, पण यादीतलं आठ सोडून काही बघितलं नव्हतं. मला विचारलं तेव्हा बघितलंय असं सांगितलं. दीड वर्ष त्यांचं काम माझ्या नावानं मिरवलं. वही टेबलावर ठेवली.

मग त्या बाईंनी वही ओढून घेतली आणि चाळायला लागल्या, ते बराच वेळ चाळतच होत्या. शेवटी ठरलं असं: टिपांवर तुमचं नाव. एकोणीस ओळींना महिन्याची मुदत, नाहीतर त्या ओळी जातील. बाहेर आल्यावर प्रमुखांनी मला जिन्यातच धरलं. "अहो, काय गरज होती? मुलाखतीत हेच विचारतील आता! मॅडमनी कधी तक्रार केली होती का?"

"नव्हती केली," मी म्हणालो. "म्हणूनच की." त्यांना काही ते पटलं नाही. मुलाखतीचं काय होईल ते होईल.

पण मला खरी भीती होती ती वर्गाची. गुरुवारी तास होता. पोरांना मी सगळं सांगितलं, बैठकीत सांगितलं तसंच, काही न झाकता. श्रीलता उभी राहिली. रडवेली झाली होती. "सर, मग शोकसभेत मी बोलले तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

"घाबरलो होतो," मी म्हणालो.

ती खाली बसली. माझ्याकडं बघेना. बरोबरच आहे तिचं, तिला कितीक दिवस लागतील कोण जाणे. मी फोन फळ्याजवळच्या पडद्याला जोडला आणि राहिलेल्या एकोणिसातलं पहिलं उघडलं. सहा पानांचा लेख, तान्ही मुलं आवाज कसे वेगळे ओळखतात यावर. म्हटलं, "हा मी वाचलेला नाही. आत्ता तुमच्यासमोर पहिल्यांदा वाचतोय. टीप आपण मिळून लिहू." एकेक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, असं चाललं होतं. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर एक प्रयोग आला, आणि त्यातून लेखकानं जो निष्कर्ष काढला होता तो कसा काढला तेच मला उमगेना. असं झालं की आजवर मी काय करत आलोय ते सांगतो, मॅडम. "हे परीक्षेला येत नाही" म्हणायचं आणि पान उलटायचं. ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. साठ डोळे माझ्याकडं लागलेले.

मी म्हणालो, "हे मला कळलं नाही."

मग शेवटच्या बाकावरून अकलूजची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात एकदाही ऐकलेला नव्हता, म्हणाली, "मला बी न्हाय कळलं, सर. परत वाचा की."

मी परत वाचायला लागलो.